शेतांतील संवेदक यंत्रें व त्यांस प्रश्न विचारण्याची रीत

जमिनीची ओल व हवेची उष्णता मोजून बिनतारी संदेशानें कळविणारीं लहान यंत्रें, म्हणजे सेन्सर, आतां कित्येक बागायतदारांच्या परिचयाचीं झालीं आहेत. परंतु अशीं अनेक यंत्रें एका शेतांत बसविल्यावर त्यांच्याकडून आंकडे कोणत्या रीतीनें मागवावे, ह्याचा विचार फारसा होत नाहीं.

हीं यंत्रें बॅटरीवर चालतात, आणि बॅटरीचा मोठा व्यय मोजण्यांत नव्हे, संदेश पाठविण्यांत होतो. माहितीचा अगदीं लहान कण जो 'बिट', तो एक पाठविण्याच्या शक्तींत यंत्र सुमारें 800 आज्ञा पार पाडूं शकतें, असा हिशेब कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनीं 2002 सालीं मांडला. ह्यास्तव त्यांनीं 'टायनीडीबी' नांवाची व्यवस्था रचली. मालकानें एकच प्रश्न करावा: "दर अर्ध्या तासास सरासरी ओल किती?" प्रश्न एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोंचतो, उत्तर परततांना प्रत्येक यंत्र खालच्यांच्या बेरजेंत आपला आंकडा मिळवून एकच संदेश वर धाडतें. तलाठी गांवचा गोषवारा पाठवितो, प्रत्येक खातेदाराचा उतारा नव्हे, तसेंच हें.

मात्र येथें एक मेख आहे. एका फांटीवरील तीन यंत्रांची ओल 20, 22 व 24, आणि दुसऱ्या फांटीवरील एकाच यंत्राची 10 आहे असें समजा. फांटीवार सरासरी 22 व 10. त्यांची सरासरी 16. खरी सरासरी मात्र 76 भागिले 4, म्हणजे 19! म्हणून सरासरी न पाठवितां बेरीज व संख्या हीं दोन्ही पाठवावीं लागतात. (कारकुनी केलेल्यांस हें सांगणें नलगे.) संख्येचा आणखी उपयोग असा कीं, बारांपैकीं नऊंनींच उत्तर दिलें, हें तत्काळ कळतें.

शिवाय सरासरींत कोरडा कोपरा दडून जातो. तेथील पीक वाळल्यावर सरासरी ठीक होती म्हणून काय उपयोग? यास्तव किमान ओलही विचारावी. तीही ह्याच रीतीनें अल्प खर्चांत वर येते. क्रमांतील मधला आंकडा मात्र असा निघत नाहीं. त्यासाठीं सर्व आंकडे आणावे लागतात.

गोषवाऱ्यांतून मूळ आंकडा पुन्हां काढतां येत नाहीं. तेव्हां यंत्रें घेतांना, प्रत्येक यंत्र आपली नोंद स्वतःजवळ किती दिवस राखतें, हें विक्रेत्यास अवश्य विचारावें.