मगधाचा राजपुत्र आणि जपानी नवरे

शाळेच्या इतिहासात अजातशत्रू भेटतो तो बापाला कैदेत टाकून गादीवर बसलेला मगधाचा राजा म्हणून. लिच्छवींशी त्याने युद्ध केलं, गंगेकाठच्या पाटलीग्रामाला तटबंदी घातली, एवढं परीक्षेपुरतं आपण पाठ केलेलं असतं. त्याच्या आईबद्दल त्या धड्यात एक ओळही नसते. विसाव्या शतकात एका जपानी मनोविकारतज्ज्ञाने मात्र या राजाच्या आईला पुढे आणून बसवलं आणि आई-मुलाच्या मनातल्या गुंत्याला अजातशत्रूचं नाव दिलं. जपानी उच्चारात तो 'आजासे' होतो. जपानमधल्या मनोविश्लेषणाच्या पुस्तकांत आज 'आजासे गंड' हा फ्रॉइडच्या 'इडिपस गंडा'च्या शेजारी मांडलेला सापडतो.

या तज्ज्ञाचं नाव हेइसाकु कोसावा (१८९७–१९६८). जोदो शिन्शू या बौद्ध पंथावर त्यांची गाढ श्रद्धा होती. सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात शिकून ते १९३२ मध्ये व्हिएन्नाला गेले, ते थेट फ्रॉइडकडेच. आदल्या वर्षी जपानीत लिहिलेला स्वतःचा निबंध त्यांनी जर्मनमध्ये करून नेला होता आणि तो फ्रॉइडच्या हाती दिला. फ्रॉइडला त्यात फारसा रस वाटल्याचं दिसत नाही. कोसावांनी मग रिचर्ड स्टेर्बा यांच्याकडे मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलं आणि १९३३ मध्ये परत येऊन टोकियोत दवाखाना थाटला.

निबंधातला मुद्दा असा होता. फ्रॉइडच्या मते मुलाला आई हवी असते, आड येतो बाप, आणि बापाच्या शिक्षेच्या भीतीतून अपराधाची भावना जन्मते. कोसावा म्हणाले, अपराधाची आणखी एक जात आहे, आणि ती माफीतून येते. आईवर संतापलेला मुलगा तिच्या जिवावर उठतो, ती त्याला पोटाशी धरते, आणि मग जन्मभर त्याचं मन त्याला खात राहतं. शिक्षा झाली की हिशेब मिटतो. माफीचा हिशेब मिटत नाही. मुलगा आईला का बांधला जातो, याचं इतकं नेमकं उत्तर त्याआधी कोणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

आता गोष्ट. कोसावा आणि त्यांचे शिष्य केइगो ओकोनोगी ती सांगतात ती अशी. अजातशत्रूची आई राणी वैदेही हिचं वय उतरू लागलं, तशी तिला धास्ती लागली की नवऱ्याचं, राजा बिंबिसाराचं, प्रेम आटेल. मूल झालं तर राजा आपला राहील. ज्योतिषी म्हणाला, रानात एक ऋषी आहे, तो तीन वर्षांनी मरेल आणि तुझ्या पोटी येईल. राणीला तीन वर्षं थांबवेना. तिने ऋषीला मारवलं, आणि मरता मरता तो सूड घेण्याचा शाप देऊन गेला. दिवस गेल्यावर राणी पोटातल्या जिवालाच भिऊ लागली. बाळंतपणात तिने मूल उंच मनोऱ्यावरून खाली पडू दिलं. मूल वाचलं, बोट तेवढं मोडलं.

मुलगा मोठा झाल्यावर बुद्धाचा वैरी देवदत्त याने त्याचे कान भरले. अजातशत्रूने बापाला कोठडीत घालून अन्नपाणी तोडलं. राणी अंगाला मध आणि पिठाचा लेप लावून भेटीला जायची, दागिन्यांच्या पोकळीत द्राक्षांचा रस लपवून न्यायची. राजा त्यावर जगला. हे कळताच मुलाने आईवर तलवार उपसली. तेव्हा जीवक वैद्य आणि चंद्रप्रभ नावाचा मंत्री आडवे आले. राज्यासाठी बापाला मारणारे अठरा हजार होऊन गेले, पण आईला मारणारा एकही ऐकिवात नाही, असं त्यांनी सुनावलं. तलवार म्यानात गेली. पुढे पश्चात्तापाने त्याच्या अंगभर फोड उठले, दुर्गंधीमुळे जवळ कोणी फिरकेना. त्या फोडांना औषध लावत बसली ती आईच.

गोष्ट मनाला भिडते. पण ती बौद्ध ग्रंथांत तशीच्या तशी नाही. मध-पिठाचा लेप, उपसलेली तलवार, फोड हे सारं सूत्रांमध्ये आहे. ऋषीच्या खुनाचं काय? चिनी-जपानी परंपरेतल्या जुन्या टीकेत वारसासाठी उतावीळ झालेला राजा बिंबिसार ऋषीला मारवतो. खून बापाचा होता, तो जपानी दवाखान्यात पोहोचेपर्यंत आईच्या नावावर चढला. आणखी एक गोष्ट गळली. पाली परंपरेत आणि जैनांच्या कूणिकाच्या कथेत (तिथे आई चेल्लणा आहे) लहानग्याच्या दुखऱ्या बोटातला पू बाप स्वतःच्या तोंडाने शोषून काढतो. आपल्याकडच्या कथेत बोट जपणारा बाप होता. कोसावांच्या कथेत तो कोठडीत उपाशी बसण्यापुरता उरला आहे. राजगीरला दगडी पायाचे अवशेष 'बिंबिसाराचा तुरुंग' म्हणून दाखवतात, तिथूनच राजा गृध्रकूट टेकडीवरच्या बुद्धाकडे पाहत असे म्हणतात. जपानी यात्रेकरू तिथे आवर्जून जातात.

बाप गळालेली ही कथा जपानला पटली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. ओकोनोगींनी १९७० च्या दशकात ती लोकांपर्यंत नेली, तेव्हा शहरी जपानी घरातूनही बाप असाच गळाला होता. १९४७ मध्ये जुनी कुटुंबव्यवस्था कायद्यातून काढून टाकण्यात आली, थोरल्या मुलाच्या हाती सगळी सत्ता देणारी तरतूद गेली. पाठोपाठ कंपन्यांचा जमाना आला. नवरा सकाळच्या लोकलने जाणार, रात्री साहेबाबरोबर पिऊन शेवटच्या गाडीने येणार. दुसऱ्या गावी बदली झाली तर मुलांच्या शाळेसाठी बायको-मुलांना मागे ठेवून एकटाच राहणार. घरात उरली आई, मूल आणि प्रवेशपरीक्षा. मुलाच्या अभ्यासावर पहारा देणाऱ्या 'क्योइकु मामा', म्हणजे शिक्षणवाल्या आया, याच काळातल्या. मुलाचं विद्यापीठ हेच त्या बाईचं प्रमोशन होतं, कारण तिला दुसरं कुठलं मिळणारच नव्हतं.

झोपायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. विल्यम कॉडिल आणि डेव्हिड प्लाथ या अमेरिकन अभ्यासकांनी टोकियो आणि क्योतोच्या घरांत कोण कोणाशेजारी झोपतं याची पाहणी करून १९६६ मध्ये ती प्रसिद्ध केली. जमिनीवरच्या गाद्यांवर एका बाजूला आई, एका बाजूला बाप, मध्ये मूल, ही तिथली आदर्श रचना. नदी या अर्थाच्या जपानी अक्षरात तीन उभ्या रेघा असतात, मधली आखूड. म्हणून या झोपण्याला त्या अक्षराचंच नाव आहे. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही, आणि यात वाईटही काही नाही. बिघाड सुरू होतो तो एका टोकाची रेघ दुसऱ्या खोलीत जाते आणि मधली मोठी झाली तरी जागची हलत नाही तेव्हा.

या मायेला जपानी माणूस दोष मानत नाही, हेही समजून घ्यायला हवं. ताकेओ दोई (१९२०–२००९) हे मनोविकारतज्ज्ञ १९५० मध्ये अमेरिकेत गेले. एका घरी यजमानाने विचारलं, भूक लागली आहे का, आइस्क्रीम आहे. भूक होती, पण पहिल्या भेटीत हो कसं म्हणायचं, म्हणून ते नाही म्हणाले. यजमान पुन्हा आग्रह करील असं त्यांना वाटलं. त्याने केला नाही, आणि दोई उपाशीच राहिले. कोकणातला किंवा देशावरचा कुठलाही पाहुणा हे दुःख जाणतो. न सांगता समोरच्याने आपलं मन ओळखावं, आपले लाड करावेत, या अपेक्षेला जपानीत 'आमाए' म्हणतात. तिचं मूळ आईच्या कुशीत आहे, असं सांगणारं दोईंचं पुस्तक १९७१ मध्ये आलं आणि खूप खपलं. लग्नात मात्र याच अपेक्षेपायी नवरा तोंडाने काही मागत नाही आणि बायकोने ओळखलं नाही की रुसतो.

घरोघरी धुमसत असलेली ही गोष्ट १९९२ च्या उन्हाळ्यात टीव्हीवर आली. टीबीएस वाहिनीच्या 'झुत्तो आनाता गा सुकी दात्ता' या मालिकेतला नवरा फुयुहिको टोकियो विद्यापीठाचा पदवीधर, बँकेत नोकरीला, स्थळ म्हणून पाहिलं तर दृष्ट लागावी असा. लग्न ठरवून झालेलं. घरात पाऊल टाकल्यावर बायकोला कळतं की याच्या कपड्यांपासून शय्येपर्यंत सगळं आईच्या हातात आहे. तो फुलपाखरं टाचून ठेवतो, मनाविरुद्ध झालं की मोठ्याने हुंकारतो, आणि एवढा बाप्या माणूस लाकडी झुलत्या घोड्यावर बसून डोलतो. शिरो सानोने हे काम केलं, आई झाली योको नोगिवा. शेवटच्या भागाला ३४.१ टक्के प्रेक्षक लाभले. 'फुयुहिको-सान' हे नाव त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या पुरस्कारात आलं, आणि आईवेड्या पुरुषासाठी असलेला 'माझाकोन' हा शब्द बायकांच्या बोलण्यात पक्का बसला. स्थळ बघताना आजही जपानी मुली हे तपासतात.

आईवर जीव असणं आणि आईत अडकणं यांत फरक कसा करायचा? कुटुंबोपचाराचे एक प्रवर्तक साल्वादोर मिनुचिन यांनी १९७४ मधल्या त्यांच्या पुस्तकात याला धरून मांडणी केली आहे. घरात पिढ्यांमध्ये एक कुंपण असतं. नवरा-बायकोचं काही त्यांच्यापुरतं असतं, मुलांचं मुलांपुरतं. नवरा-बायकोत बोलणं तुटलं की एक जण कुंपण ओलांडून मुलाशी युती करतो. मुलगा आईचा सल्लागार होतो, वकील होतो, बापाच्या तक्रारी ऐकणारा कान होतो. दहा वर्षांच्या पोराला हे मानाचं वाटतं. पस्तिशीत त्याचं लग्न होतं, पण आईची ती नेमणूक रद्द झालेली नसते.

मग काय होतं ते वेगळं सांगायला नको, पण एक प्रसंग पाहू. जपानात रोजच्या जेवणातलं मिसो सूप घरागणिक बदलतं: नागोयाकडे गडद तांबूस, क्योतोकडे फिकट आणि गोडसर. नवी नवरी आपल्या माहेरचं सूप करते. नवरा पितो, आणि आईच्या हातची चव नाही एवढंच म्हणतो. ती पुढच्या वेळी मिसो बदलते. तो तरी तेच म्हणतो. भांडण सुपावरून लागतं, पण तिने खरं ऐकलेलं असतं ते वेगळंच: या घरात एक जागा भरलेली आहे आणि ती तुझी नाही. तिने तक्रार केली की तो गप्प बसतो. आई वाईट वागली हे त्याला कळत नसतं असं नाही. तिच्याविरुद्ध एक शब्द काढला तरी आपण तलवार उपसली असं त्याला वाटतं. कोसावांची माफी इथे कामाला येते. आईने आयुष्यभर सोसलं, कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून तर त्याला सुटताच येत नाही.

इथे एक धोका आहे, आणि जपान त्यात पुरता सापडला. १९७९ मध्ये शिगेमोरी क्युतोकु या डॉक्टरांचं 'बोगेन्ब्यो', म्हणजे आईमुळे होणारं दुखणं, नावाचं पुस्तक तुफान खपलं. मुलांच्या दम्यापासून अनेक दुखण्यांचं मूळ आईच्या वागण्यात आहे, असं त्यात ठासून सांगितलं होतं. ऋषीचा खून जसा राणीच्या माथी गेला, तसंच हे झालं. कंपनीने बाप बारा-चौदा तास नेला, सरकारने आणि समाजाने बाईला नोकरी सोडायला लावली, आणि उरलेल्या एकुलत्या कामात ती जास्त गुंतली म्हणून आरोपीही तीच ठरली. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

भारतीय विचारवंतांनी याच प्रश्नाकडे निराळ्या वाटेने पाहिलं. कोलकात्यात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस फ्रॉइडशी पत्रव्यवहार करत आणि वादही घालत. आपल्या रुग्णांच्या मनात आईची प्रतिमा किती जबर आहे, हे त्यांनी मांडलं. १९३१ मध्ये त्यांनी फ्रॉइडला विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. पुढे सुधीर कक्कर यांनी 'द इनर वर्ल्ड' (१९७८) मध्ये दाखवून दिलं की मुलगा झाल्यावरच सासरी मान मिळणारी बाई त्या मुलावर सगळी भूक ओतते. नाशिक असो की निपाणी, मुलगा झाल्यावर ज्या सुनेला पहिल्यांदा ताटाला बोलावलं गेलं, ती पंचवीस वर्षांनी स्वतः सासू होते, तेव्हा तिने काय सोडावं?

जपानमध्ये या कथेचा पुढचा अध्याय म्हाताऱ्या आयांच्या घरांत चालू आहे. २०१९ मध्ये सरकारी पाहणीने ४० ते ६४ वयाची सुमारे ६ लाख १३ हजार माणसं घरात कोंडून राहिल्याचा अंदाज दिला. त्यांत चारांत तीन पुरुष. यामागे नोकऱ्या, शाळेतला छळ, आजारपण अशी अनेक कारणं आहेत, सगळं आईवर ढकलता येणार नाही. पण ऐंशीतल्या पालकांच्या निवृत्तिवेतनावर पन्नाशीतला मुलगा जगतो आणि बंद दारापाशी जेवणाचं ताट आईच ठेवते, हे इतकं सर्रास आहे की जपानी लोक त्याला नुसतं '८०५०' म्हणतात.

बायकांनीही आपली वाट काढली आहे. जपानी दिवाणी कायद्याच्या ७२८ व्या कलमाने नवरा मेल्यावर बायकोला सासरच्यांशी असलेलं नातं तोडता येतं. लोक याला 'मृत्यूनंतरचा घटस्फोट' म्हणतात. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला असे अर्ज वर्षाला दोन हजारांच्या आसपास होते. २०१७ पर्यंत ते चार हजारांच्या वर गेले. नवऱ्याचा वारसाहक्क आणि निवृत्तिवेतन तिला मिळत राहतं. अर्ज पालिकेच्या कचेरीत द्यायचा असतो, त्यावर सासूची संमती लागत नाही, आणि तिला कळवण्याचं बंधनही कायद्याने घातलेलं नाही.