बक्स रो, ३१ ऑगस्ट १८८८

मध्यरात्र उलटून गेल्यावर. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, थ्रॉल स्ट्रीटवरच्या लॉजमधून मेरी ॲन निकोल्सला बाहेर काढतात. रात्रीच्या खाटेचे चार पेन्स तिच्याकडे नाहीत.

२.३०. ओळखीची एलन हॉलंड भेटते. माझ्याबरोबर चल म्हणते. खाटेचे पैसे आज तीनदा कमावले आणि तीनदा उडवले, असं सांगून मेरी ॲन झोकांड्या देत पूर्वेकडे निघून जाते. त्यानंतर तिला जिवंत पाहिल्याचं खात्रीने सांगणारं कुणी नाही.

३.१५. शिपाई जॉन नील गस्तीवर बक्स रोमधून जातो. रस्त्यात काही नाही.

३.४०. कामावर निघालेल्या चार्ल्स क्रॉस या गाडीवानाला फाटकापाशी बाई पडलेली दिसते. मागून रॉबर्ट पॉल येतो. दोघांनाही कामाला उशीर झालेला. वाटेत शिपाई भेटला की सांगू म्हणत पुढे जातात. भेटतो तो मायझन, घराघरांची दारं ठोठावून कामकऱ्यांना उठवत असलेला. (क्रॉस हे सावत्र वडिलांचं आडनाव, खरं लेचमियर. एवढ्यावरून आज त्याला खुनी ठरवणारे आहेत. मला हे पटत नाही.)

३.४५. नील परत येतो. कंदिलाच्या उजेडात चिरलेला गळा दिसतो.

४.००. डॉ. लुएलिन तपासतात. हात गार, पाय अजून ऊबदार. मरून अर्ध्या तासापेक्षा जास्त झालेला नाही, असं त्यांचं मत. जवळच्या कत्तलखान्यात तिघं रात्रभर कामावर होते. शेजारच्या घरात राहणाऱ्या एमा ग्रीनची झोप सावध. कुणालाही आवाज आला नाही.

प्रेत हलवताच ग्रीनबाईंचा मुलगा बादलीभर पाणी ओतून रक्त धुऊन टाकतो. या बादलीपाशी जीव तुटतो. पण ते रक्त राखून तरी काय केलं असतं? रक्त माणसाचं की जनावराचं हे सांगणारी चाचणी १९०१ची. बोटांच्या ठशांचा विभाग स्कॉटलंड यार्डात निघाला तोही त्याच वर्षी. कत्तलखान्यांच्या वस्तीत बाहीवर रक्त असलेला माणूस कुणाच्या नजरेत भरणार?

सकाळ, शवागार. कपड्यांची नोंद करताना इन्स्पेक्टर स्प्रॅटलिंगला पोटावरचे वार दिसतात. डॉक्टरांनी ते पाहिलेच नव्हते. पुढे तिथले दोघं कामगार अंग धुऊन काढतात. हात लावू नका असं त्यांना बजावलं होतं की नाही, यावर पुढे साक्षीत वाद झाला. परकरावर मात्र लॅम्बेथ वर्कहाउसचा शिक्का सापडतो. दिवसभराची खरी कमाई ती एवढीच.

संध्याकाळ. त्या शिक्क्याच्या मागाने वर्कहाउसमधली मेरी ॲन मंक येते आणि ओळख पटवते.

शनिवारी नवरा येतो, वर्षानुवर्षं वेगळा राहणारा विल्यम निकोल्स. आता पोलिसांच्या कागदावर तिचं नाव आहे, वय ४३ आहे, पाच मुलं आहेत. खुन्याच्या बाबतीत लिहायला सव्वातीन ते तीन चाळीस ही वेळ तेवढी.