दर तोच, कार्बन बदलला

उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर : लेखांक सातवा

कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून निकेलवर मिथेन तयार होतो, हे साबातिए आणि सँदरां यांनी १९०२ साली दाखवलं. गेल्या लेखात आपण या अभिक्रियेचा स्थिर दर काढला. पण देवळाच्या गाभाऱ्यातून मिनिटाला दहा माणसं बाहेर पडत असतील, तर आत दहा जण मिनिटभर थांबतात की शंभर जण दहा मिनिटं, हे दारात उभं राहून कसं कळणार? दर म्हणजे पृष्ठभागावर कामात असलेल्या मध्यस्थांची संख्या भागिले त्यांचा सरासरी मुक्काम. ही दोन्ही वेगळी केल्याशिवाय उत्प्रेरक का मंदावला हे सांगणं अंदाजपंचे ठरतं.

हॅपेल, बेनेट आणि बिलोएन यांनी रुजवलेला उपाय मला या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. अभिक्रिया स्थिर चालू असताना एक व्हॉल्व्ह फिरवायचा आणि कार्बन-१२ असलेल्या कार्बन मोनॉक्साइडऐवजी कार्बन-१३ असलेला सोडायचा. तापमान, दाब, प्रवाह, सगळं तेच. मिथेनचा दरही हलत नाही. बाहेर येणाऱ्या मिथेनमधला जुना कार्बन तेवढा ओसरत जातो. जुन्या मिश्रणात थोडा आरगॉन घातलेला असतो. तो निकेलला चिकटत नाही, म्हणून नुसत्या नळ्या रिकाम्या व्हायला लागणारा वेळ तो दाखवतो. मिथेन आणि आरगॉनच्या वक्रांमधलं क्षेत्रफळ म्हणजे मुक्काम.

समजा, तो ५ सेकंद आला आणि दर ग्रॅममागे सेकंदाला २ मायक्रोमोल आहे. म्हणजे कामातले मध्यस्थ १० मायक्रोमोल. हायड्रोजन शोषवून मोजलेले निकेलचे उघडे अणू १०० मायक्रोमोल असतील, तर त्यांच्या दहाव्या हिश्श्याइतकेच मध्यस्थ मिथेन घडवताहेत. काही तासांनी दर निम्मा झाला आणि मुक्काम ५ सेकंदच राहिला, तर जागा बुजल्या. मुक्काम १० सेकंद झाला, तर मध्यस्थ तितकेच आहेत, गती मंदावली आहे.

मोजताना मात्र डोळ्यांत तेल घालावं लागतं. दोन्ही वायुवाहिन्यांचा दाब जुळला नाही, तर व्हॉल्व्ह फिरताच आलेखात खोटा उंचवटा येतो. मास स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन-१३ चा मिथेन १७ वर दिसतो, आणि पाण्याचा एक तुकडाही तिथेच येतो. हवा गळून आत आली, तर नायट्रोजन २८ वर साध्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये मिसळतो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड स्वतःच निकेलवर रेंगाळतो. त्याच्या मुक्कामाचा निम्मा भाग मिथेनच्या मुक्कामातून वजा करण्याची पद्धत आहे.

ओसरणारा वक्र लॉगरिदमच्या कागदावर सरळ आला, तर एकाच प्रकारचा कार्बन धरून चालता येतं. वाकला, तर एक शक्यता अशी की चपळ आणि संथ असे दोन साठे आहेत. दुसरी अशी की तयार मिथेन वाटेत पुन्हा चिकटतोय. प्रवाह वाढवून पाहावं: पुन्हा चिकटण्याचा परिणाम त्याबरोबर घटतो, साठ्यांचा फरक टिकून राहतो.

पुढच्या आठवड्यात : निर्वातात सोडलेला वायूचा एकच ठोका, आणि त्यातून मिळणारी माहिती.