आठ आणे तिचे

मानवतच्या एका आडत दुकानाचे 1980 सालचे भागीदारीपत्र नुकतेच पाहिले. नवरा-बायको दोघेच भागीदार, आठ-आठ आणे. बाईंचा अंगठा. कर वाचवायला नाव घातले असणार, असे मला वाटले. पण तेव्हाच्या कलम 64 नुसार दोघांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्यातच दुसऱ्याचा वाटा मिळवत. म्हणजे वाचले काहीच नाही!

1993-94 च्या आकारणीपासून रीत बदलली. कर पेढीच भरते, 30 टक्के आणि वर उपकर. भागीदाराच्या हाती येणारा नफा करमुक्त. पगाराचे त्रांगडे मात्र राहिले. धंद्यात नवऱ्याचा भरीव हिस्सा असेल तर बायकोचा पगार त्याच्या उत्पन्नात धरतात. तांत्रिक वा व्यावसायिक पात्रतेमुळे तो मिळत असेल तरच सूट. पदवीच हवी असे नाही, अनुभवही चालतो, हे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1985 मध्ये म्हटले.

बाईंच्या सूनबाई आज भागीदार आहेत. दहावी पास, वीस वर्षे रोजकीर्द लिहितात. “माझा अनुभव कशावरून दाखवू?” त्यांनी विचारले. मी म्हटले, भागीदारीपत्रात तुमचे काम आणि पगार लिहून घ्या, अन् जुन्या वह्या रद्दीत घालू नका.