जन्मानंतर झोपी जाणारे जनुक

विदर्भात सिकलसेलचा विकार पुष्कळ आढळतो. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली होती. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले, तर मूल आजारी पडते. पण जन्मल्यावर काही महिने ते इतर बाळांसारखेच धडधाकट असते; हातपाय सुजणे, अंग ठणकणे हे पुढे सुरू होते. सदोष जनुक तर आईच्या पोटात असल्यापासूनच आहे. मग ते इतके दिवस गप्प का?

याचे उत्तर तांबडी पेशी कशी घडते यात आहे. अस्थिमज्जेतील मूळ पेशीत सगळी जनुके असतात. त्यांतली कोणती वाचायची हे 'गाटा-१' सारखी प्रथिने ठरवतात. डीएनएवर ठरावीक जागी चिकटून ती हिमोग्लोबिनची जनुके चालू करतात. पेशी हिमोग्लोबिनने गच्च भरत आली की आपले केंद्रकच बाहेर टाकते! (कोंबडीच्या तांबड्या पेशीत ते राहते. सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहा.)

आपल्या अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या बीटा गटातील जनुके ओळीने बसलेली आहेत. मौज अशी की, वापरात येतातही त्याच क्रमाने : आधी भ्रूणाचे, मग गर्भाचे 'गॅमा', शेवटी मुख्यतः प्रौढाचे 'बीटा'. सिकलसेलचा दोष बीटामध्ये आहे. त्याच्या साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच. पण तेवढ्याने प्राणवायू सोडताच पेशी विळ्यासारखी वाकते. गॅमा मात्र निर्दोष असते. ते चालू आहे तोवर बाळ सुरक्षित! न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच हे ताडले होते.

मग गॅमाला झोपवते कोण? मुख्यतः 'बीसीएल११ए' नावाचे प्रथिन, असे २००८ साली बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवले. त्या प्रथिनाचा तांबड्या पेशींतला खटका तोडून गॅमाला पुन्हा जागे करणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर! विदर्भातल्या घरांना त्याचा आज काय उपयोग? सुदैवाने, येथील बऱ्याच रुग्णांत गॅमा पुरते झोपलेले नसते. आणि हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळी पुष्कळांमध्ये गर्भाचे हिमोग्लोबिन आणखी वाढवते.