एका घरकुलामागची दोन सभागृहं

सपाट प्रदेशातल्या गावात पंतप्रधान आवास योजनेतून घरकुल मंजूर झालं की त्यापोटी १,२०,००० रुपये मिळतात. त्यातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. म्हणजे ७२,००० रुपये दिल्लीचे आणि ४८,००० मुंबईचे. काम जोत्यापर्यंत आलं की जागेवरचा फोटो अक्षांश-रेखांशासह वर जातो आणि हप्ता खात्यात पडतो. पासबुकात ही सगळी रक्कम एकसारखीच दिसते. प्रत्यक्षात तिचे दोन भाग दोन तिजोऱ्यांतून निघालेले असतात आणि त्या उघडायला लोकसभा व विधानसभा अशा दोन्ही सभागृहांची संमती घ्यावी लागलेली असते. चार भिंतींच्या एका घरासाठी! मला हे आजही अचाट वाटतं.

१ फेब्रुवारीचं अर्थसंकल्पाचं भाषण आपण सगळे ऐकतो. पण भाषणाने पैसा हलत नाही. २०२३ साली अर्थमंत्र्यांनी आवास योजनेची तरतूद ६६ टक्क्यांनी वाढवून ७९,००० कोटींच्या वर नेल्याचं जाहीर केलं. त्या क्षणी त्यातला एक रुपयाही कुणाला खर्चता येत नव्हता. संविधानाचं ११४ वं कलम सांगतं की कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून काहीही काढता येणार नाही. म्हणून प्रत्येक मंत्रालय लोकसभेपुढे अनुदानाची मागणी घेऊन उभं राहतं. शहरातल्या घरांसाठी गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालय येतं, गावातल्या घरांसाठी ग्रामविकास मंत्रालय.

अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत या मागण्या संसदेच्या स्थायी समित्यांकडे जातात. १९९३ पासूनची ही व्यवस्था. एका समितीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्रालयाच्या सचिवांना बंद दाराआड बोलावून विचारलं जातं: गेल्या वर्षीचा निधी का उरला? कुठल्या राज्यात कामं अडली? पक्षाच्या भिंती इथे बऱ्याच पातळ होतात. समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, तरीही माझ्या मते अर्थसंकल्पाची खरी छाननी इथेच होते.

मतदानाचा हक्क मात्र एकट्या लोकसभेचा. आणि त्या हक्काचा आकार विलक्षण आहे. खासदार मागणी कमी करू शकतो, नाकारू शकतो, वाढवू मात्र शकत नाही. वाढीचा प्रस्ताव सरकारकडूनच यावा लागतो. अमेरिकेत काँग्रेसच्या विनियोजन समित्या गृहनिर्माण खात्याचे आकडे स्वतः ठरवतात, वर चढवतातही. आपल्याकडे खासदाराच्या हाती असते ती कपात सूचना. धोरणच अमान्य असेल तर हजारो कोटींची मागणी १ रुपयावर आणावी असं तो सुचवतो. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कमी करावेत असं म्हणतो. शंभर रुपयांनी सरकारचं काय बिघडणार? पण ती सूचना संमत झाली, तर सरकारने सभागृहाचा विश्वास गमावला असा अर्थ निघतो.

हा अधिकार किती मोठा आहे ते कळायला गोपाळ कृष्ण गोखले आठवावेत. १९०२ साली कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पाची आकड्यानिशी चिरफाड केली. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना चर्चेची मुभा दिली होती, मताची नाही. इतकी तयारी, इतका व्यासंग, आणि एक रुपयाही कमी करण्याची सोय नाही!

म्हणूनच १४ मार्च २०१८ ची आठवण टोचते. त्या दिवशी लोकसभेत गिलोटिन लागलं: चर्चेची वेळ संपल्याचं धरून उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकल्या गेल्या. त्या वर्षी उरलेल्या म्हणजे सगळ्याच होत्या. साऱ्या मंत्रालयांचा वर्षाचा खर्च सुमारे अर्ध्या तासात, चर्चेविना मंजूर झाला. २०२३ मध्येही तेच घडलं. नियमाला धरून होतं सगळं. पण गोखल्यांना जे हवं होतं ते हातात असताना न वापरणं, हे मला पटत नाही.

मुंबईत विधानसभा मार्चमध्ये याच वाटेने जाते. विधान परिषद चर्चा करते, मागण्यांवर मत देत नाही. वर्षाच्या मध्यात निधी कमी पडला की पुरवणी मागण्या येतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांत हा शब्द दर डिसेंबरला दिसतो तो याचमुळे.

३१ मार्चला मंजुरीची मुदत संपते आणि न खर्चलेली रक्कम व्यपगत होते. मग महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. त्यांचे अहवाल लोकलेखा समितीकडे जातात आणि संसदेच्या या समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेने विरोधी पक्षाकडे असतं. एखाद्या खात्याने मंजुरीपेक्षा जास्त खर्च केल्याचं दिसलं, तर वर्ष कधीच उलटून गेलेलं असलं तरी ११५ व्या कलमाप्रमाणे सरकारला त्या जादा रकमेची मागणी घेऊन पुन्हा लोकसभेपुढे यावं लागतं.