पाथरीचा वाद आणि सगळ्यांचा ज्ञानकोश

साईबाबांचा जन्म कुठला? परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत विचारा, लोक थेट जन्मस्थान मंदिराची वाट दाखवतील. शिर्डीकर साईसच्चरिताचा दाखला देतील: बाबांचं जन्मगाव, आईवडील कुणालाच ठाऊक नाहीत. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी १०० कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा १९ तारखेला शिर्डीने बंद पाळला.

हाच प्रश्न विकिपीडियाच्या पानावर आला तर? तिथे मुख्य संपादक नाही. पाथरीकरही लिहू शकतो, शिर्डीकरही खोडू शकतो. मग पान टिकतं कसं?

टिकतं, कारण खरं कोण याचा निवाडा विकिपीडिया करतच नाही. कोण काय म्हणतं आणि ते कुठे छापलंय, एवढंच तो विचारतो. ‘पाथरीत जन्मले’ यावर भांडण होईल. ‘पाथरीचा असा दावा आहे, साईसच्चरित जन्मस्थान अज्ञात मानतं’ हे दोघांनाही नाकारता येत नाही. पुरावा नसेल तर वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण पडते.

आणखी थक्क करणारी गोष्ट पानाच्या माथ्यावरच असते: ‘इतिहास पहा’. तिथे टिचकी मारली की प्रत्येक बदल तारीख-वेळेसह दिसतो. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून कुठला शब्द बदलला तेही कळतं. कुणी खोडसाळपणा केला, तर आधीचा मजकूर क्षणात परत आणता येतो.

अशा पद्धतीने लिहिलेलं कितपत खरं? २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात नोंदीमागे साधारण ४ चुका निघाल्या, ब्रिटानिका या नामांकित ज्ञानकोशात ३. ब्रिटानिकाने या तपासणीवर जोरदार हरकत घेतली, पण अंतर एवढं थोडं असेल असं फार कुणाला वाटलं नव्हतं.

छापील ग्रंथ तर काळापुढे हतबल असतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि औंढा नागनाथ त्यात गेलं; परभणीच्या १९६७ च्या गॅझेटियरात मात्र ते आजही परभणी जिल्ह्यातच आहे.

मात्र विकिपीडियाची ही सारी ताकद वाचणाऱ्या डोळ्यांची आहे. इंग्रजीतल्या गाजलेल्या पानावर हजारो नजरा असतात. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर एखाद्या खेड्याच्या पानाकडे वर्षभर कुणी फिरकत नाही, आणि चूक तशीच राहते. म्हणून वाचताना तळटीप उघडा, इतिहास चाळा. घरात जुनं गॅझेटियर असेल तर आपल्या गावाच्या पानाला एक संदर्भ जोडा. तेवढ्याने ते पान पुढच्या वाचकासाठी अधिक भरवशाचं होईल.